गाठीवाचूनचा कर्करोग

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतील 35 ते 64 वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी करीत, आणि त्यायोगे पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या बोटांना जी गाठ लागावयाची ती ज्यात बहुधा नसतेच, आणि जो दोन वर्षांची मुदत कोणालाच देत नाही, असा या रोगाचा एक विरळा प्रकार आहे: दाहक स्तनकर्करोग.

यात कर्कपेशींचे पुंजके त्वचेतील सूक्ष्म लसिकावाहिन्यांत अडकून द्रवाचा निचरा रोखतात. म्हणून काही आठवड्यांतच स्तन सुजून तांबडा व ऊन होतो, आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागते. रूप सर्वस्वी संसर्गाचे असल्याने, विशेषतः अंगावर पाजणाऱ्या मातेला, दूध साकळले असे समजून प्रतिजैविके दिली जातात. ते गैर नव्हे. मात्र आठवडा-दहा दिवसांत उतार न पडल्यास तोच उपाय पुन्हा करणे घातक होय.

मॅमोग्राफीत कधी त्वचेच्या जाडीपलीकडे काहीच दिसत नाही, यास्तव सुईने स्तनाचा आणि त्याबरोबर त्वचेचाही तुकडा काढून तपासावा लागतो. त्वचेच्या तुकड्यात कर्कपेशी न सापडल्या, तरी स्तनातील कर्करोग सिद्ध झाला असून लक्षणे जुळत असतील, तर निदान कायम राहते. आणि निदानाच्या वेळीच रोग किमान तिसऱ्या टप्प्यात गणला जातो.

1924 मध्ये न्यूयॉर्कच्या ली व टॅननबाउम या वैद्यांनी अशा 28 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे दीर्घकाळ शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांवरच भिस्त होती आणि ती फोल ठरे. आज क्रम पालटला आहे: आधी केमोथेरपी, 'हर-टू' हे प्रथिन जास्त असलेल्या प्रकारात तिच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब, सूज ओसरल्यावर काखेतील ग्रंथींसह संपूर्ण स्तन काढणे, आणि अखेरीस, रुग्ण ज्याला 'लाईट' म्हणतात, तो किरणोपचार. स्तन राखून करावयाच्या शस्त्रक्रियेची मुभा येथे सहसा नसते.

वांद्र्याहून धीम्या लोकलने चौथे स्थानक प्रभादेवी, आणि तेथून परळचे टाटा रुग्णालय पायी गाठता येते. विलंब होतो तो या प्रवासात नव्हे, दवाखान्यातील गोळ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीत. म्हणून पहिली चिठ्ठी देतानाच डॉक्टरांनी केसपेपरावर फेरतपासणीची तारीख घालावी, आणि त्या दिवशी लाली कायम दिसल्यास औषध न बदलता रुग्णास तुकडा तपासणीसाठी धाडावे.