घोड्यावरून उतरलो, भाडे संपले

माथेरानच्या बाजारात मोटार येत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची. पुढे पायी जायचे, नाही तर घोडा करायचा. घोडा करताना आपण आधी दर ठरवतो. बाजारात उतरलो, पैसे दिले, व्यवहार संपला. उद्या घोडेवाला म्हणाला, "आजचेही भाडे द्या," तर आपण देऊ का? मुळीच नाही! आज आपण बसलोच नाही.

मोबाईलवर मात्र असे घडते. एखादे गाण्यांचे ॲप म्हणते, "पहिला महिना एक रुपया." आपण पिन टाकतो. रुपया जातो. पण त्याच पिनने दरमहा पैसे कापायची परवानगीही आपण देऊन बसतो. ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते. हिला 'ऑटोपे' म्हणतात. पावसाळ्यात नेरळहून येणारी छोटी गाडी बंद असते. पाहुणे कमी, कमाई कमी. तरी पैसे कापले जातातच. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते रितेही होते.

मग आपण काय करावे? कायदा आपल्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवले पाहिजे. कोण कापणार, किती कापणार, कधी कापणार, हे त्या निरोपात हवे. नको असेल तर ग्राहकाला थांबवता आले पाहिजे. म्हणून बँकेचा निरोप न वाचता पुसू नका. वाचता येत नसेल तर घरच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

दुसरा नियम ३० नोव्हेंबर २०२३ चा. वर्गणी घेणे सोपे आणि बंद करणे अवघड, अशी फसवी रचना करायला त्याने मनाई केली आहे. बंद करायची जागा लपवून ठेवणे हाही त्यात दोषच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲप मोबाईलमधून काढून टाकले, म्हणजे ऑटोपे बंद झाले असे नाही. ज्या यूपीआय ॲपवरून पिन टाकला, ते उघडा. त्यात 'ऑटोपे' शोधा. नको असलेली परवानगी तिथेच रद्द करा.

तरीही पैसे गेले तर आधी बँकेला आणि कंपनीला कळवा. दाद लागली नाही, तर १९१५ या नंबरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. पैसे कापल्याचा निरोप जपून ठेवा. तोच आपला पुरावा.

घोड्यावर बसण्याआधी आपण दर विचारतो. पिन टाकण्याआधीही विचारू या : हे भाडे एकदाच, की दर महिन्याला?