चार कोटी आणि एक पौंड

2013 च्या उन्हाळ्यात आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझसाठी बोली लावली, ती चार कोटी आणि वर एक पौंड अशी. सुआरेझच्या करारात चार कोटींपेक्षा मोठ्या बोलीसंबंधी एक कलम होतं. त्या वरच्या एका पौंडाने ते लागू होईल, असा आर्सेनलचा हिशेब. सुआरेझलाही जायचंच होतं. लिव्हरपूलने मात्र साफ नकार दिला.

त्या मोसमात सुआरेझने 33 लीग सामन्यांत 31 गोल केले. संघाने एकूण 101 गोल ठोकले आणि विजेतेपद अवघ्या दोन गुणांनी हुकलं.

पुढच्या वर्षी बार्सिलोनाने सुमारे साडेसहा कोटी पौंड मोजले आणि सुआरेझ गेला. नव्याने आणलेल्या मारिओ बालोटेलीला अख्ख्या मोसमात लीगमधला एकच गोल जमला. सुआरेझचा जोडीदार डॅनियल स्टरिजही दुखापतीने बराच काळ बाहेर होता. संघाचे गोल 52 वर आले, क्रमांक दुसऱ्यावरून सहाव्यावर घसरला.

मग हुकमी स्ट्रायकर विकूच नये का? जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने तेही करून पाहिलं. त्यांच्या रॉबर्ट लेवांडोव्स्कीने एप्रिल 2013 मध्ये रिअल माद्रिदविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले होते. बायर्न म्युनिक त्याच्यावर डोळा ठेवून होता आणि कराराचं एकच वर्ष उरलं होतं. तरीही क्लबने त्याला सोडलं नाही. त्या वर्षी त्याने 20 गोल करून जर्मन लीगमध्ये अव्वल स्थान मिळवलं. पण करार संपला की खेळाडू मोकळा होतो, जुन्या क्लबच्या हाती छदामही लागत नाही. 2014 मध्ये लेवांडोव्स्की बायर्नला फुकटात मिळाला. कराराचं शेवटचं वर्ष लागलं की क्लबची घालमेल होते, ती यामुळेच. हॅरी केनचंही एकच वर्ष उरलं असताना, 2023 मध्ये, टॉटनहॅमने त्याला बायर्नला विकलं.

विक्री अंगाशी येते ती मागची तयारी नसेल तर. 31 जानेवारी 2011 ला, खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, फर्नांडो टोरेस पाच कोटी पौंडांना लिव्हरपूलहून चेल्सीला गेला. त्याचा 9 नंबरचा शर्ट त्याच दिवशी घाईने साडेतीन कोटींना घेतलेल्या अँडी कॅरोलला मिळाला. कॅरोलने क्लबसाठी 44 लीग सामन्यांत सहाच गोल केले.

हा धडा लिव्हरपूलने पुढे गिरवला. जानेवारी 2018 मध्ये फिलिप कुटिन्हो बार्सिलोनाला गेला, पण त्याआधीच बचावपटू व्हॅन डाइकचा सौदा पक्का झाला होता. उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसनही आला.

7 मे 2019 ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोना पहिल्या सामन्यातली तीन गोलांची आघाडी घेऊन लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर उतरला. त्यांच्या संघात सुआरेझ होता, कुटिन्होही होता. समोर ॲलिसन आणि व्हॅन डाइक. लिव्हरपूलने सामना 4-0 असा जिंकला, आणि साडेतीन आठवड्यांनी चषकही.