सोलापूर रस्त्यावरचा उजेड

आषाढात दोन्ही पालख्या पुण्यातला मुक्काम हलवून निघतात, त्या दिवशी हडपसरचा गाडीतळ सकाळपासून माणसांनी फुललेला असतो. इथे वाट फुटते. ज्ञानोबांची पालखी उजव्या हाताला सासवड रस्त्याला लागते आणि दिवे घाट चढते. तुकोबांची सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला जाते. गेल्या आषाढात माझ्या शेजारी आमच्याच सोसायटीतल्या एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्याने विचारलं, "आजी, तुकाराम महाराज दिसायला कसे होते गं?" आजी म्हणाल्या, "सिनेमात होते तसेच."

सिनेमा म्हणजे 'प्रभात'चा 'संत तुकाराम', १९३६ सालचा. विष्णुपंत पागनिसांचा तो चेहरा महाराष्ट्राने तुकोबांचा म्हणून असा काही स्वीकारला, की पुढे कितीतरी घरांतल्या तसबिरीही त्याच वळणाच्या झाल्या. पागनिसांचं नाव पुष्कळांना ठाऊक आहे, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांचंही. पण तो चेहरा ज्याने उजेडात धरला, त्या छायालेखकाचं नाव विचारा. व्ही. अवधूत. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', 'शकुंतला', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हेही त्यांच्याच कॅमेऱ्याचं काम. 'तुकाराम' ते 'कोटणीस' अशा दहा वर्षांत एका माणसाने केलेलं हे काम मी पुनःपुन्हा पाहिलं आहे, आणि मराठी सिनेमाच्या इतिहासात त्याला एका ओळीहून अधिक जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

'प्रभात'ची ही कॅमेऱ्याची परंपरा आली कोल्हापुरातून. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे मुळात पडदे रंगवणारे चित्रकार. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. चौकट कशी भरायची, अंधार कुठे ठेवायचा, हे या मंडळींना आधी कुंचल्याने कळलेलं होतं. 'सिंहगड'मधल्या रात्रीच्या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, त्यामागेही चित्रकाराचीच नजर होती.

याच कंपनीतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या भांडवलावर १९२९ साली 'प्रभात' काढली. १९३३ साली ती पुण्याला आली. सुरुवातीला कॅमेरा धायबरांकडे होता. 'अमृतमंथन'मधल्या राजगुरूचा, म्हणजे चंद्रमोहन यांचा, पडदाभर झालेला डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना धायबर काय ताकदीचे होते हे सांगायला नको. धायबर दिग्दर्शनाकडे वळले आणि 'प्रभात'च्या मोठ्या चित्रपटांचं छायालेखन अवधूतांकडे आलं.

'अमृतमंथन' आणि 'संत तुकाराम' यांत अंतर दोन वर्षांचं, कंपनी तीच, पण उजेड पार वेगळा. पहिल्यात सावल्या भिंतीवर चालून येतात. दुसऱ्यात देहूचं ऊन आहे, ओसरीवरचा मऊ प्रकाश आहे. कॅमेरा माणसांना बसायला-उठायला, अभंग म्हणायला सवड देतो. जिजाई आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि पांडुरंगावर चप्पल उगारते, तो प्रसंग बघा. जिजाईच्या भूमिकेतल्या गौरीबाईंचा संताप इतका खरा आहे, की तिथे प्रकाशाची एखादी करामत झाली असती तर सगळं नासलं असतं. अवधूत तिथे हात आवरतात. चमत्कारही ते याच साध्या उजेडात दाखवतात, म्हणून वैकुंठाचं विमान त्याच गावात उतरल्यासारखं वाटतं. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली.

त्याच वर्षी 'कुंकू'. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वर बेतलेला. तरुण नीरा, म्हणजे शांता आपटे. तिला फसवून गळ्यात मारलेला म्हातारा वकील, काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते. चित्रपटाचं नावच 'कुंकू', आणि फिल्म काळी-पांढरी. लाल रंग ही तेव्हाच्या छायालेखकाची मोठी पंचाईत होती. मूकपटांच्या जमान्यातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लालला आंधळी, तिच्यावर कुंकू काळं उमटायचं. पुढची पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपायची, पण तिच्यावर लाल फिकट पडून कपाळाच्या करड्या छटेत मिसळायचा. जो रंग पडद्यावर येणारच नाही, तो प्रेक्षकाला दिसल्यासारखा वाटला पाहिजे, असं हे काम. आजही 'कुंकू' पाहून उठलेला माणूस त्या कपाळावरचं कुंकू लाल होतं असंच सांगेल.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, बोलणं, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. संगीताचा आधार काढून घेतला, की दृश्याला आपला भार आपणच पेलावा लागतो. तो अवधूतांनी कसा पेलला, हे आरशाच्या प्रसंगात कळतं. काकासाहेब आरशात आपलं म्हातारपण बघतात, आरसा फुटतो, आणि त्याच्या तुकड्या-तुकड्यांतून त्यांचाच चेहरा त्यांना हसू लागतो. आरसा म्हणजे छायालेखकाचा वैरी. दिवे, कॅमेरा, कॅमेऱ्यामागची माणसं, सगळं तो चव्हाट्यावर आणतो. इथे तर एका आरशाचे अनेक झालेले. मी हा प्रसंग थांबवून-थांबवून पाहिला आहे आणि दर वेळी दात्यांच्या चेहऱ्यापाशी येऊन माझं तंत्राकडचं लक्ष सुटलं आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून निघाला, 'माणूस' 'आदमी' म्हणून, 'शेजारी' 'पडोसी' म्हणून. हे नुसतं डबिंग नव्हे, दोन्ही भाषांत चित्रीकरण होई. मराठी शॉट पास झाला, की त्याच दिव्यांत, त्याच खुणांवर नट हिंदी बोलणार. बोलपटात फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दिवे तापलेले, नट घामाघूम, आणि दुसऱ्या वेळी चेहऱ्यावरचा प्रकाश केसभरही ढळता कामा नये. कारागिराची खरी परीक्षा या दुसऱ्या वेळीच होत असणार.

'माणूस' (१९३९) हा अवधूतांचा मला सर्वांत आवडणारा चित्रपट. पोलीस शिपाई गणपत आणि मैना. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. गल्ल्या, रात्रपाळी, कंदिलाएवढ्या उजेडात उभं राहिलेलं नातं. 'तुकाराम'मधलं ऊन इथे कुठेच नाही. चित्रपटात एके ठिकाणी हे दोघं एका सिनेमाच्या शूटिंगपाशी येऊन पोचतात आणि तिथल्या लाडिक प्रेमदृश्याची टर उडवतात. खोट्या झाडाखालचा तो गुळगुळीत प्रकाश आणि या दोघांच्या चेहऱ्यांवरचा खरखरीत प्रकाश एकाच दृश्यात दिसतात. 'शेजारी' (१९४१) मैत्रीसाठी आणि धरण फुटण्याच्या शेवटासाठी लक्षात राहतो. शांतारामांचा तो 'प्रभात'मधला अखेरचा.

१९४२ साली शांतारामांनी 'प्रभात' सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. 'शकुंतला'चा (१९४३) कॅमेरा अवधूतांचाच. मग १९४६ साली 'डॉ. कोटणीस'. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. काँग्रेसने १९३८ साली चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. डिसेंबर १९४२मध्ये तिथेच गेले. शेवटाकडे कोटणीस मृत्युशय्येवरून आपल्या चिनी बायकोला सांगतात, की तू माझ्या घरी जाशील तेव्हा वाटेत काय काय लागेल, दारात कोण उभं असेल. त्या शब्दांबरोबर ती वाट पडद्यावर उमटत जाते. घरच्या अंगणातला उजेड तिथे येतो, तो मरणाऱ्या माणसाने आठवलेला आहे. तुकोबांची पालखी गाडीतळावरून ज्या रस्त्याने पुढे जाते, त्याच रस्त्याच्या टोकाला कोटणिसांचं सोलापूर आहे, हे मला त्या प्रसंगापाशी दर वेळी आठवतं.

'प्रभात'च्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. जुना स्टुडिओ आहे, तळं आहे, आणि गेली साठ-पासष्ट वर्षं तिथे देशभरातली मुलं कॅमेरा शिकतात. चित्रपट जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ साली पुण्यातच स्थापन झालं. पण जुनी नायट्रेट फिल्म फार ज्वालाग्राही. २००३च्या जानेवारीत तिच्या साठ्याला आग लागली, आणि जळालेल्या फितींत 'प्रभात'च्याही होत्या. आज आपण पाहतो त्या प्रतींवरून काढलेल्या प्रती. प्रत्येक पिढीत करड्याच्या काही छटा गळतात, पांढरं भाजून निघतं, काळं बुजतं. अवधूतांचं काम म्हणजे या छटाच. इंटरनेटवरची प्रत पाहून 'जुना सिनेमा, सपाट उजेड' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पालखी गेल्यानंतरच्या रविवारी त्या आजी नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या. मी 'संत तुकाराम' लावला. चित्र पुसट होतं, मधेमधे रेघा होत्या. पोरगा अभंगांना चुळबुळत होता. जिजाईने चप्पल उचलली तसा तो सरसावून बसला. विमान वर निघालं तेव्हा मी त्याला तो चमत्कार कसा करतात ते सांगायला गेलो, तर आजींनी हाताने मला गप्प केलं. संपल्यावर पोरगा म्हणाला, "काका, ते चप्पलवालं परत लावा ना."

मी परत लावलं.