पिवळ्या पानाचे निदान

छत्तीसगडातील भिलाई हे नगर लोखंडाच्या आधारावर वसले. येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. तिला लागणारे खनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले आणि चुनखडी जवळच्याच नंदिनीच्या खाणींतून आली. अशा नगरात, कारखान्याच्या वसाहतीतील एखाद्या घराच्या सज्जात ठेवलेल्या कागदी लिंबाची पाने लोहाच्या अभावी पिवळी पडावीत, ही गोष्ट प्रथमदर्शनी थट्टेची वाटते. परंतु तसे घडते. आणि ज्या चुनखडीच्या साह्याने भट्टीत लोह मोकळे होते, तीच चुनखडी कुंडीत ते लोह झाडापासून अडवून धरते.

झाडाचा मालक मात्र हे जाणत नाही. पान पिवळे दिसताच तो कधी जास्त पाणी घालतो, कधी चमचाभर युरिया टाकतो, तर कधी कुंडी उन्हात नेऊन ठेवतो. या तिन्ही उपायांनी एखादे झाड बरे होईलही. पण ज्या झाडाचे दुखणे वेगळे आहे ते याच उपायांनी मरेल. म्हणून उपायाआधी निदान हवे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या बोलीत पिवळ्या पडलेल्या पिकासाठी एक सुरेख शब्द आहे, तो म्हणजे केवडा. उसावर केवडा पडतो, बाजरीवर पडतो आणि भेंडीवरही पडतो. शब्द एकच असला तरी त्यामागील कारणे तीन आहेत. चुनखडीच्या जमिनीतील उसाचा केवडा बहुधा लोहाच्या उणिवेने येतो. बाजरीचा केवडा बुरशीसारख्या एका सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो. त्या पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव दिसते. भेंडीचा केवडा हा विषाणूचा रोग असून पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. मुंबई इलाख्यातून त्याची नोंद १९२४ मध्ये झाली होती. पहिल्यावर हिराकशीची फवारणी उपयोगी पडते. तिसऱ्यावर हिराकशीची गाडी ओतली तरी गुण येणार नाही. रंगाला दिलेले नाव रोगालाही पुरेल असे मानणे येथे महागात पडते.

पान हिरवे का असते, हे प्रथम पाहू. पानाच्या पेशींत हरितद्रव्य असते. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असून त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह या रेणूचा घटक नाही. परंतु हा रेणू घडविण्याच्या कामी लोहावाचून चालत नाही. गवंडी भिंतीत राहत नाही, पण त्याच्यावाचून भिंत उभी राहत नाही, तसेच हे आहे. हरितद्रव्याबरोबर पानात पिवळी रंगद्रव्येही असतातच. एरवी ती हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. तेव्हा पान पिवळे पडणे म्हणजे बहुधा पिवळा रंग चढणे नव्हे, तर हिरवा रंग उतरणे होय. तो का उतरला हे रंगावरून कळत नाही. तो कोठून उतरू लागला, यावरून मात्र पुष्कळ कळते.

पहिला प्रश्न असा की, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात सहज हलतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे पाठवते. अडचणीच्या काळात आजीच्या पाटल्या मोडून नातवंडांचे शिक्षण करावे, त्यातला हा प्रकार. साहजिकच खालची पाने आधी पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात पोहोचले की तेथेच रुतून बसते. मुळाकडून नवा पुरवठा थांबला तर जुनी पाने हिरवीगार राहतात आणि शेंडा पिवळा पडतो. गंधकाची उणीवही कोवळ्या पानांतच आधी दिसते.

दुसरा प्रश्न शिरांचा. पान उजेडाकडे धरून पाहावे. नत्राच्या उणिवेत जुने पान शिरांसकट सगळेच फिकट होते. पालाश कमी पडल्यास जुन्या पानांच्या कडा करपतात. मॅग्नेशियमच्या उणिवेत जुन्या पानाच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. लिंबाच्या पानात देठाकडे हिरव्या रंगाची एक पाचर उरते, आणि ती ओळखण्याची खूण म्हणून फार उपयोगी आहे. लोहाच्या उणिवेत कोवळ्या पानावर बारीक हिरव्या शिरांचे जाळे पिवळ्या पार्श्वभूमीवर रेखल्यासारखे उठून दिसते. उणीव तीव्र झाली की ते जाळेही पुसले जाऊन पान हस्तिदंतासारखे पांढुरके होते. जस्ताच्या उणिवेत नवी पाने आखूड व अरुंद निघतात आणि त्यांवर पिवळे चट्टे दिसतात. भेंडीच्या केवड्यात याच्या उलट चित्र असते : शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ चुका टळतात.

अन्नद्रव्याशी संबंध नसलेली कारणेही आहेत, आणि कुंडीतील झाडांच्या बाबतीत तीच अधिक आढळतात. लाल कोळी हा सुईच्या टोकाएवढा जीव कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या खालच्या अंगास बसून रस शोषतो. पानावर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी उमटते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहावी, ठिपके चालू लागले तर निदान झाले. खोलीत ठेवलेल्या झाडाला उजेड अपुरा पडला तर ते आतली व खालची पाने गाळते आणि शेंडा खिडकीकडे लांबवते. पान वयानेही पिवळे होते. महिन्याकाठी तळचे एखादे पान गळाले म्हणून कोणी काळजी करू नये.

परंतु सर्वांत जास्त झाडे अती पाण्याने दगावतात. मुळांना प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, त्यांची शोषणशक्ती मंदावते, आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेल्यासारखे मान टाकते. मालक ते पाहून आणखी पाणी घालतो. येथे बोटाची परीक्षा पुरेशी आहे : बोटाची दोन पेरे मातीत खुपसावी, माती ओली असून पाने मलूल असतील तर पाणी बंद करावे आणि कुंडीचे तळभोक बुजले आहे काय ते पाहावे. कुजक्या मुळाचा तपकिरी रंग आणि आंबूस वास ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही.

आता लोहाकडे वळू. भिलाईच्या परिसरातील तांबड्या मुरमाड भाटा जमिनीचा रंगच लोहाचा आहे. मातीत लोह टक्क्यांच्या हिशेबात असते. उलट झाडाच्या एक किलो वाळलेल्या पानांत ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असले तरी भागते. म्हणजे उणीव साठ्याची नसून उपलब्धतेची असते. हवेशीर मातीत लोह गंजाच्या रूपात असते आणि गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीचा सामू एका अंकाने वाढला की या रूपातील लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. सामू ६ असलेल्या मातीत सुखाने वाढणारे झाड सामू ८ असलेल्या मातीत उपाशी का राहते, याचा उलगडा यावरून व्हावा.

कुंडीतील सामू वाढतो कसा? दुर्ग-रायपूरच्या भूमीखाली चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. त्यांतून आलेले विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी उकळणाऱ्या भांड्याच्या तळाशी जी पांढरी खर बसते, तीच रोजच्या शिंपणाबरोबर कुंडीत साठत जाते. कुंडीच्या काठावरील पांढरी पुटे हा तिचाच पुरावा. घराच्या दुरुस्तीनंतर उरलेला चुना-सिमेंटचा चुरा मातीत मिसळला गेला तर काम अधिकच लवकर होते. पोलाद भट्टीची मळीही चुनायुक्त असते. आम्ल शेतजमिनीची आम्लता मारण्यास ती उपयोगी ठरते, पण लिंबाच्या कुंडीत खडी म्हणून तिचा थर देणे घातक. त्यातच पाणी फार झाले तर मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायॉक्साइड मातीत कोंडून बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी दुरावते. म्हणून एकाच झाडात अती पाणी आणि लोहाची उणीव या दोन्ही खुणा एकत्र दिसल्यास नवल नाही.

कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा घरगुती उपाय येथे का चालत नाही, हेही आता स्पष्ट होईल. ज्या रूपात झाडाला लोह घेता येत नाही, त्याच रूपातील लोह खिळा देतो. चुनखडीच्या मातीत खिळे पुरणे म्हणजे कुलूपबंद कोठारात आणखी एक पोते टाकणे.

पिवळ्या पानाचा लोहाशी असलेला संबंध एका साध्या युक्तीने उघडकीस आला. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी फिकट पानांना लोहक्षाराचे द्रावण लावले, आणि जेथे ते लागले तेथे हिरवा रंग परतला. पुढे याच धर्तीच्या परीक्षांनी अनेक कोडी सुटली. त्यांतील एक भारतातील असून भातपिकाच्या प्रदेशाला जवळचे आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताच्या पानांवर कातासारखे तपकिरी डाग पडत व पीक खुंटत असे. शेतकरी त्याला खैरा म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, हा रोगजंतूंचा प्रताप नसून जस्ताची उणीव आहे. भाताच्या शेतातील जस्ताच्या उणिवेचा जगातील हा पहिला निर्णायक पुरावा मानला जातो. हेक्टरी ५ किलो जस्त सल्फेट व २.५ किलो विरलेला चुना १,००० लिटर पाण्यातून फवारण्याचा उपाय त्यातून रूढ झाला. चुना अशासाठी की द्रावणाने पाने भाजू नयेत. भात पाण्यात उभा असतो, आणि पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसल्याने लोह विरघळून मुबलक होते. जस्ताची उपलब्धता मात्र तेथे घटते. कुंडीतील लिंबाला लोह मिळत नाही आणि खाचरातील भाताला जस्त मिळत नाही, यात म्हणूनच विरोध नाही.

ग्री यांची परीक्षा घरी सहज करता येते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवावी व चमचाभर लिंबाचा रस घालावा. द्रावण फिकट हिरवे असावे. ते पिवळसर वा तपकिरी झाले तर लोह गंजले असे समजून टाकून द्यावे. शेंड्याकडील एका पिवळ्या पानाची धूळ पुसून मधल्या शिरेच्या एकाच बाजूस हे द्रावण कापसाच्या बोळ्याने, सायंकाळी, लावावे आणि दुसरी बाजू तशीच ठेवावी. आठ-दहा दिवसांत लावलेली बाजू हिरवी झाली आणि दुसरी पिवळीच राहिली, तर उणीव लोहाची. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या पानावर जस्त सल्फेटाचे सौम्य द्रावण चुन्याच्या निवळीसह लावून पाहावे, कारण चुनखडीच्या मातीत जस्तही अडते आणि लिंबात या दोन्ही उणिवा वारंवार जोडीने येतात. फरशीवर हिराकशीचे डाग पडतात व ते निघत नाहीत, एवढे सांभाळावे.

निदान लोहाचे ठरले की तेच द्रावण सर्व कोवळ्या पानांवर दर पंधरवड्याने दोन-तीनदा फवारावे. परंतु फवारणीने केवळ वेळ मिळतो; मूळ दोष मातीत आहे. पावसाळ्यात कुंडी रिकामी करून निम्मी माती बदलावी, तीत चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत घालावे, आणि शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. बाजारात लोहाची चिलेटे मिळतात. त्यांत ईडीटीए प्रकारचे चिलेट जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, त्यासाठी ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे लागते, आणि ते बरेच महाग असते. युरिया मात्र या झाडाला देऊ नये. नत्राने पालवी जोमाने फुटते, आणि लोह नसलेली ती नवी पालवी आधीहूनही पांढरी निघते.

फवारणीनंतर जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. फार दिवस पिवळी राहिलेली पाने बहुधा पुन्हा हिरवी होत नाहीत. उपाय लागू पडला की नाही ते पुढच्या पालवीवरून ठरवावे.