एक साचा, अनेक वस्तू

संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. दिलेली आज्ञा मात्र तो हव्या तितक्या वेळा न कंटाळता पाळतो. एकाच आज्ञेच्या अशा पुनरावृत्तीस आवर्तन, किंवा रूढ शब्दात ‘लूप’, असे म्हणतात. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राविषयी एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या टिपांत ही कल्पना आढळते. पुढे नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर या शास्त्रज्ञांनी ‘सिम्युला ६७’ ही संगणकभाषा रचली आणि तीत ‘वर्ग’ व ‘वस्तू’ यांना स्थान दिले. वर्ग हा विटांचा साचा मानला, तर त्यातून निघणारी प्रत्येक वीट ही वस्तू होय.

समजा, एका शाळेतील ४० विद्यार्थ्यांची गुणपत्रके संगणकाकडून करून घ्यावयाची आहेत. ‘गुणपत्रक’ हा साचा एकदा ठरविला, की आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत एकेका मुलाचे नाव व गुण घालून नवे पत्रक निर्माण करता येते. परंतु ती सर्व ठेवावयाची कोठे? प्रत्येक नव्या पत्रकास तेच एक नाव देत गेलो, तर ते नाव नव्याकडे वळते आणि जुने हातचे जाते. अखेरीस ४० वे पत्रक तेवढे उरते. म्हणून आवर्तनापूर्वी एक रिकामी यादी करावी आणि प्रत्येक फेरीत तयार झालेले पत्रक तीत ठेवावे. पायथन, जावा इत्यादी भाषांत यादीतील क्रम शून्यापासून मोजतात. म्हणून ४० वे पत्रक ३९ या क्रमांकावर सापडते.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. या भाषांत यादीमध्ये प्रत्यक्ष वस्तू नसून तिच्याकडे नेणारा निर्देश असतो. पत्रक आवर्तनाबाहेर एकदाच निर्माण केले आणि प्रत्येक फेरीत त्यावरील नाव व गुण बदलून तेच यादीत घातले, तर यादीत नोंदी ४० दिसतात. पण त्या सर्व एकाच पत्रकाकडे बोट दाखवितात. मग साऱ्या मुलांच्या हाती शेवटच्या मुलाचेच गुण पडतात! संगणक याबद्दल तक्रार करीत नाही, कारण त्याने आज्ञा बिनचूक पाळलेली असते.

यास्तव यादी आवर्तनाच्या बाहेर करावी, वस्तू मात्र आवर्तनाच्या आतच निर्माण करावी. काम संपताच पहिले व शेवटचे पत्रक ताडून पाहावे. दोन्हींवर एकच नाव दिसले, तर दोष यंत्राचा नसून आज्ञेचा आहे, हे ओळखावे.