थोरल्याचे काय झाले?

गेल्या दिवाळीची गोष्ट. अमरावतीहून वाशीम आणि वाशीमहून रिठद असा बायकामुलांसह प्रवास करून मी संध्याकाळी घरी पोहोचलो, तेव्हा ओसरीवर दोन माणसे एकमेकांकडे पाठ करून बसलेली दिसली. एक माझे वडील, दुसरे माझे काका. मधे एक खांब आणि वीस वर्षांचे मौन.

काकांनी आजोबा हयात असतानाच वाटणी मागितली होती. वाटणीची जमीन विकून ते शहरात गेले. तिथे दुकान टाकले, ते बुडाले. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्याकडून पैसा आला नाही, पत्र आले नाही, आणि शेवटी खांदा द्यायलाही ते आले नाहीत. बाबांनी मात्र उरलेले वावर कसले, आजोबांचे केले, माझे शिक्षण केले. आणि आता दसऱ्यानंतर एका दुपारी काका एक पिशवी घेऊन दारात उभे राहिले. आईने पाणी दिले, ताट वाढले. बाबा ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. त्या सत्रात वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. क्षमेवर मुलांसमोर पाऊण तास बोलणे मला कठीण नव्हते. आपल्याच ओसरीवर एक वाक्य बोलणे मात्र जमेना.

लक्ष्मीबाईंची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८९३ च्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘नवा करार’ वाचायला दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे टिळक सांगत. पण त्या पुलाच्या अलीकडे एक बाई पदराला लहान मूल घेऊन उभी राहिली, तिचे काय? त्या काळी नवऱ्याने धर्म बदलणे म्हणजे बायकोने जिवंतपणी वैधव्य भोगणे. लक्ष्मीबाईंनी ते भोगले. नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या मनाशी निकाल लावला, तेव्हा कुठे ते सोवळे गळाले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मला या हकीकतीत धर्मांतरापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हे सारे लिहिताना लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला देव केले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. त्यांचा तापटपणा, त्यांचा उधळा हात, आपले रडणे, आपला संताप, सगळे जसेच्या तसे सांगितले, वर हसूनही घेतले. क्षमा म्हणजे झालेले विसरणे नव्हे. झालेले सगळे आठवत असूनही त्याचे व्याज न मागणे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या ख्रिस्तामुळे एकेकाळी संसार मोडला, त्याच्याच चरित्राचे पुढचे चौसष्ट अध्याय याच बाईंनी लिहिले. त्यांना अक्षरओळख करून दिली होती ती टिळकांनीच.

नरकचतुर्दशीच्या रात्री जेवणे झाल्यावर माझ्या धाकटीने गोष्टीचा हट्ट धरला. मी तिला येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. खरे म्हणजे ती मी ओसरीलाच सांगत होतो. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो, दूरदेशी सगळे उडवतो, दुष्काळ पडल्यावर डुकरे राखण्याची पाळी येते, आणि चाकर म्हणून तरी ठेवून घेतील या आशेने तो घरी परततो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. त्याने पाठ केलेली माफी पुरी होण्याच्या आत नवा झगा, अंगठी, जोडे मागवतो.

“इथे गोष्ट संपली,” असे म्हणून मी थांबलो. काका अंधारात पाहत होते. तेवढ्यात खांबापलीकडून बाबांचा आवाज आला, “मंग थोरल्याचं काय झालं?”

मी चपापलो. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेलेले; पण वर्गात मला कोणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला. आणि मी, कबूल करतो, सोयीसाठी अर्धी गोष्ट गिळली होती.

मग उरलेली सांगितली. थोरला शेतातून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, चाकराकडून कारण कळते आणि रागाने दारातच थांबतो. तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवणी करतो. थोरला हिशेब मांडतो : इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडू तरी दिलेत का? भावाला तो भाऊ म्हणतच नाही. तुमचा हा मुलगा, असे म्हणतो. बाप त्याचा हिशेब खोटा ठरवीत नाही. जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे, असे सांगतो. फक्त बोलताना ‘माझा मुलगा’ न म्हणता ‘तुझा भाऊ’ म्हणतो.

“मंग तो आत गेला का?”

“ते येशूने सांगितलेलं नाही, बाबा. गोष्ट तिथंच थांबते.”

बाबा उठले आणि गोठ्याकडे निघून गेले.

ख्रिस्ती लोक ज्याला ‘कृपा’ म्हणतात तिचा अर्थ मला त्या रात्री थोडा उमगला. मजुरी कष्टाची असते, कृपा हिशेबाबाहेरची. म्हणूनच ती कष्ट करणाऱ्याला अन्यायासारखी वाटते. थोरल्याचे दुःख खरे असते. त्याला उपदेश करून भागत नाही. त्याच्यासाठीही कोणीतरी दाराबाहेर यावे लागते.

आणि दुःखातून आशा कशी निघते? पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गेले; १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. हे दुःख देवाने चांगल्यासाठीच दिले, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणते आणि केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांना घर देते, हे मला दिसते. भूक काय असते हे तिला ठाऊक होते. १९२१ साली एकुलती मनोरमाही गेली, तरी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम तिने सोडले नाही. १९२२ साली स्वतः गेली ती ते पुरे करूनच. आशा म्हणजे पुढे सगळे बरे होईल हा भरवसा नव्हे. आज दार उघडे ठेवणे, एवढीच ती असते.

भाऊबीजेला आत्या आली. तिने कोणाला न विचारता दोन पाट शेजारीशेजारी मांडले. काका एका पाटावर अवघडून बसले. दुसरा पाट बराच वेळ रिकामा होता. आत्या तबक हातात घेऊन उभी; निरांजनात तिने दोनदा तूप घातले. शेवटी बाबा आले, टोपी नीट केली आणि बसले.

ओवाळून झाल्यावर समोर पाहतच ते म्हणाले, “वावराचा वाटा पुन्हा भेटनार नाही.”

काकांनी मान हलवली.

“सकायी लवकर ऊठ. हरबऱ्याले पानी द्याचं आहे.”

एवढेच. गळाभेट नाही, अश्रू नाहीत. सकाळी मी उठलो तेव्हा ओसरीवर कोणीच नव्हते. खांबाजवळच्या दोन्ही चपला नाहीशा झाल्या होत्या.