पहिली मोटार घरीं जुळवितांना

मोटार विकत घेणें आणि मोटार निर्माण करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें आपणांस सांगावयास नको. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरी वाट आहे, आणि इंग्लंडांत ती कित्येक वर्षांची मळलेली आहे. कारखानदारानें गाडीचा सांगाडा, पत्रा, बैठकी आणि शेंकडों लहानमोठे भाग पेट्यांत भरून पाठवावयाचे, आणि गिऱ्हाइकानें ते आपल्या गॅरेजमध्यें जोडून त्यांची मोटार करावयाची. अशा गाडीला तिकडे 'किट कार' म्हणतात. कॉव्हेंट्रीजवळ नोकरीस असतांना मीं अशी एक गाडी जुळविली. अठरा महिन्यांत ती पुरी होईल असें मीं घरीं सांगितलें होतें. लागलीं चार वर्षें. तीं चार वर्षें कोठें गेलीं, आणि नवशिक्यानें आरंभींच विचार केला तर त्यांतलीं किती वांचवितां येतील, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ही चाल वाढली ती कराच्या एका फटीमुळें. त्या काळीं ब्रिटनमध्यें तयार मोटारीवर खरेदी-कर भरावा लागे. सुट्या भागांवर तो नसे. 1957 सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें 'सेव्हन' नांवाची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली आणि ती सुट्या भागांच्या रूपानेंहि विकली. भागांबरोबर जुळणीच्या सूचना दिल्या तर सवलत जावयाची, म्हणून गाडी मोडण्याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचीत असे, ही कथा तिकडे अजून हंसत हंसत सांगतात. 1973 सालीं मूल्यवर्धित कर आला आणि फट बुजली. त्याच वर्षीं सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पुढें 1996 सालीं रॉन चॅंपियन यांनीं अवघ्या अडीचशे पौंडांत गाडी करण्याचें पुस्तक लिहिलें, आणि लोखंडी नळ्या कापून सांगाडासुद्धां स्वतःच जोडणाऱ्यांचा एक पंथच निघाला. पहिल्या खेपेस त्या पंथांत शिरूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. सांगाडा किंचित् वांकडा झाला तर चारहि चाकें कधींच एका रेषेंत येत नाहींत, आणि तें कळतें तें सर्व कांहीं जोडून झाल्यावर!

पहिला निर्णय असा कीं, सर्व भाग नवे घ्यावयाचे कीं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आंस वगैरे ऐवज एखाद्या जुन्या मोटारींतून काढावयाचा. त्या जुन्या मोटारीला तिकडे 'डोनर' म्हणतात. आपण तिला दाती गाडी म्हणूं. सेव्हनसारख्या गाडींत इंजिन पुढें असतें आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणून दाती गाडीहि साधारणतः तशीच लागते. पूर्वीं लोक फोर्डची एस्कॉर्ट घेत, मग सिएरा घेऊं लागले, अलीकडे माझ्दा एमएक्स-5 घेतात. आजच्या बहुतेक लहान मोटारींची ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळें हा साठा आटत चालला आहे.

दाती गाडी घ्यावयाची तर सबंध घ्यावी. एका बाजूनें ठोकर बसलेली असली तरी चालेल. मीं शहाणपणा केला आणि इंजिन एका भंगारवाल्याकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, आंस तिसऱ्याकडून घेतला. कागदावर बचत झाली. प्रत्यक्षांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे बोल्ट सांपडेनात, विजेच्या तारांचा जुडगा भलत्याच गाडीचा निघाला, आणि एक सबंध हिंवाळा पत्रव्यवहारांत गेला. सबंध गाडी घेतली असती तर हे सारे क्षुद्र भाग तिच्याबरोबर फुकट आले असते. शिवाय तिचे नोंदणीचे कागद आणि प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी लागते. पुढें इंजिनाचें वय सिद्ध करावयाचें असतें तें त्यांच्याच आधारें.

पेटी मागविण्यापूर्वीं कोणाची तरी पुरी झालेली गाडी पाहावी आणि तींत बसावें. सेव्हनच्या घाटाची गाडी पायांशीं इतकी अरुंद असते कीं, रुंद जोडा घालून ब्रेक दाबतांना शेजारचा ॲक्सिलरेटरहि दबतो. उंच माणसाचे गुडघे कोठें जातात हें चित्रांत दिसत नाहीं. नंतर जागेचा विचार. गाडी मावते म्हणजे काम मावतें असें नव्हे: सुटे भाग जोडलेल्या भागांच्या दुप्पट जागा व्यापतात, आणि माणसाला सभोंवार फिरावयाचें असतें. पैशाचें म्हणाल, तर मीं शेवटीं वहींत बेरीज केली तेव्हां पेटीची किंमत एकूण खर्चाच्या निम्म्याहूनहि कमी भरली. टायर, रंग, हत्यारें, विमा, तपासणीची फी, आणि चुकून दोनदां घेतलेल्या वस्तू!

काम सुरू करतांना प्रथम सर्व गाडी रंगाशिवाय जुळवावी, आणि मग उकलून रंग द्यावा. हें ऐकून नवशिक्याला रडूं येतें. परंतु भोंकें पाडावीं लागतात, कंस कानसावे लागतात, आणि तें सारें रंगावर करणें म्हणजे रंग वायां घालविणें होय. ब्रेकचें तेल रंगावर सांडलें तर तो सोलून निघतो, हेंहि मी अनुभवानें सांगतों. उकललेला प्रत्येक नट-बोल्ट नांव लिहिलेल्या डब्यांत टाकावा, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी आणि रोजच्या कामाचें छायाचित्र घ्यावें. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं दुसरा भक्कम आधार दिल्यावांचून कोणीहि शिरूं नये. येथें चुकीला क्षमा नाहीं.

तिसऱ्या हिंवाळ्यांत माझा धीर सुटला. अर्धवट गाड्यांच्या जाहिराती तिकडे नेहमीं दिसतात. मींहि एक मसुदा लिहिला. तो पाहून आमच्या घरांतून उद्गार निघाले, "अहो, विकायची तर विका, नाहीं तर पुरी करा, पण रोज त्या दाराकडे पाहून उसासे टाकणें पुरे!" त्यानंतर मीं आठवड्याला दोनच संध्याकाळ ठरविल्या, परंतु त्या चुकविल्या नाहींत. काम पुढें सरकलें तें तेव्हांपासून.

शेवटीं सरकारी तपासणी. ब्रिटनमध्यें अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. बाहेरील ज्या ज्या कडेला शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा टेंकूं शकतो, ती कडा निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येनें गोल केलेली असावी लागते. पादचाऱ्याला इजा होऊं नये हा हेतु. माझी गाडी पहिल्या वेळीं नापास झाली. दिव्याच्या कंसाची एक कडा धारदार होती, आणि वळवून सोडलेलें सुकाणूं आपण होऊन सरळ येत नव्हतें. कडा कानशीनें अर्ध्या तासांत गेली. सुकाणवासाठीं पुढच्या चाकांचा कल पुन्हां बसवावा लागला, त्यांत दीड महिना गेला. तपासणीचें पुस्तक मीं पहिला नट पिळण्यापूर्वीं वाचलें असतें तर दोन्ही गोष्टी जागच्या जागीं झाल्या असत्या.

आपल्याकडे हा नाद करूं इच्छिणारांनीं एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. येथें गाडीच्या प्रत्येक नमुन्याला मान्यता घ्यावी लागते, आणि ती तपासण्या करणारी एक मोठी संस्था पुण्यांतच आहे. परंतु घरीं केलेल्या एकट्या गाडीसाठीं ब्रिटनसारखी सोपी वाट नाहीं. 2021 सालीं सांगली जिल्ह्यांतील एका कारागिरानें भंगारांतून एक छोटी चारचाकी बनविली, तेव्हां आनंद महिंद्र यांनीं तिचें कौतुक केलें; पण ती नियमांत बसत नसल्यामुळें रस्त्यावर फार दिवस चालूं दिली जाणार नाहीं, असें सांगून तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली.

माझी गाडीहि याच कारणानें तिकडेच राहिली. परततांना ती मीं शेजाऱ्यास विकली. पान्यांची पेटी मात्र बरोबर आणली.